बाहुलीचं लुगडं किती वारी?

मी गावात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. पोरीने जत्रेतून आणलेल्या बाहुलीला फ्रॉक मागितला तेव्हा वाटलं, यात काय, चहा उकळेपर्यंत होऊन जाईल. नवऱ्याच्या जुन्या जीन्सचा तुकडा घेतला, कापला, शिवला आणि बाहुलीला चढवला. बाहुलीचे दोन्ही हात आडवे झाले ते खाली यायचं नाव घेईनात. सासूबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, बाहुली उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे बाहुली हाये का सरकीचं पोतं?"

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: बाहुली लहान असते, कापड लहान होत नाही. हिशेब करून पाहा. साधारण पाच फुटांची बाई म्हणजे १५० सेंमी. बाहुली ३० सेंमीची. म्हणजे आपण तिच्या पाचपट. तिच्या अंगावरचं एक मिलिमीटर जाडीचं कापड म्हणजे आपल्या अंगावर पाच मिलिमीटर जाडीची गोधडी. तिच्या फ्रॉकवरचा एक सेंमीचा ठिपका म्हणजे आपल्या साडीवर पाच सेंमीचा लाडू. ब्लाउजला सोडतो तसं दीड सेंमी मार्जिन सोडलं, तर तिच्या काखेत साडेसात सेंमी कापड कोंबल्यासारखं होतं. पुढे जे काही सांगणार आहे त्यातलं निम्मं याच एका हिशेबातून निघालं आहे.

हे काम एकट्याने करायचं नाही. आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात दुपारी अकराच्या पुढे घराबाहेर पाय टाकवत नाही, पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, शेतात काम नसतं आणि पोरांना सुट्टी असते. टीव्ही लावावा तर वीज जाते. अशा दुपारी ओसरीवर सगळे बसतात तेव्हा चिंध्यांचं गाठोडं सोडावं. पावसाळ्यात झडीचे चार दिवस लागले की तेही चालतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र नाव काढू नका, तेव्हा कोणाच्याच बोटांत जीव नसतो.

आधी बाहुली

विकतची बाहुली असेल तर उत्तम, मापं ठरलेली असतात. बार्बी १९५९ साली बाजारात आली ती साडेअकरा इंचांची, म्हणजे साधारण २९ सेंमी, आणि जत्रेत मिळणाऱ्या तिच्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्याही बऱ्याचदा त्याच उंचीच्या आसपास असतात. एकीचे कपडे दुसरीला थोडेफार होतात, पण कंबर आणि छाती मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

माझं मत विचाराल तर नवशिक्यांनी चिंधीची बाहुली घ्यावी. तिचं अंग मऊ असतं, कपडा थोडा घट्ट झाला तरी ती सांभाळून घेते. प्लास्टिकची सांभाळून घेत नाही. जुन्या पांढऱ्या धोतराचे दोन थर घ्या, त्यावर पेन्सिलने डोकं, धड, हात, पाय असा ३० सेंमी उंचीचा जाडसर आकार काढा. मान मुद्दाम रुंद ठेवा, निदान चार सेंमी. कडेने अर्धा सेंमी सोडून बारीक बखिया (मागे परतून घालायचा टाका) घाला, एका बगलेत पाच सेंमी उघडं ठेवा, काखेत आणि मानेच्या वळणावर कात्रीने छोटे काप द्या आणि बाहुली उलटवा. काप दिले नाहीत तर वळणावर सुरकुत्या पडतात, मग बाहुलीचा गळा म्हाताऱ्या माणसासारखा दिसतो.

भरायला घरचा कापूस. पण सरकी काढून. सरकी राहिली तर अंग गाठीगाठीचं होतंच, शिवाय उंदीर बाहुली फाडून सरकी खातात; आमच्या पहिल्या बाहुलीचं पोट असंच गेलं. सरकी काढायची जुनी रीत घरातल्या म्हाताऱ्या माणसाला माहीत असते: लाकडी पाटावर कापसाची बोंडी ठेवायची, वरून लोखंडी सळी दाबून पुढे ढकलायची, सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. हे काम पोरांना फार आवडतं. रुई बोटांनी मोकळी करून थोडी थोडी भरा, हातापायांच्या टोकापर्यंत पेन्सिलच्या बोथट बाजूने ढकला. मान लुळी पडू नये म्हणून तुराटीचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काडीचा, बोटभर तुकडा चिंधी गुंडाळून आत घाला, टोकं घासून घ्या म्हणजे बाहेर टोचणार नाही.

नाक-डोळे शेवटी. काळ्या दोऱ्याचे दोन टाके पुरतात. पोरं स्केचपेनने काढतो म्हणतात, काढू द्या, पण आधी दुसऱ्या चिंधीवर; धोतराच्या कापडावर शाई फुटते आणि डोळ्याचं काजळ गालावर येतं.

कापड हातात घेऊन ओळखायचं

दुकानात जाऊन कापड आणायची गरज नाही, आणि खरं सांगते, आणूही नये. नवीन कापडाला खळ असते, ते बाहुलीच्या अंगावर छत्रीसारखं उभं राहतं. वीस-तीस वेळा धुतलेलं सुती कापड पडतं, अंगाला चिकटून खाली येतं. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा बसण्याच्या जागेचा झिरझिरीत झालेला भाग म्हणजे बाहुलीसाठी सोनं आहे. त्याशिवाय चालणारी कापडं: ब्लाउजचं टू बाय टू रुबिया, सुती अस्तर, जुनी ओढणी, मलमलचं बाळंतपणातलं दुपटं, धोतर. न चालणारी: जीन्स, टेरिकॉटची पँट, पडदा, टॉवेल, पंचा.

कापड चिमटीत धरून लोंबकळत सोडा. चार बोटं रुंदीचा तुकडा सरळ खाली लोंबला तर घ्या, आडवा उभा राहिला तर ठेवून द्या. ही परीक्षा पाच वर्षांचं पोरही करू शकतं आणि फार गंभीरपणे करतं.

काठ निवडताना पुन्हा तोच पाचाचा हिशेब. आपल्या साडीचा दहा सेंमीचा काठ बाहुलीला मांडीपर्यंत येतो. तिला दोन सेंमीचा काठ पाहिजे. आमच्या विदर्भातल्या करवती काठाच्या कोसा साड्या भंडारा-नागपूरकडे विणल्या जातात. त्यांच्या काठावरचे करवतीचे दाते बारीक असतात, त्यामुळे फाटक्या करवतीची एक दात्यांची पट्टी कापून बाहुलीच्या लुगड्याला लावली तर जिवंत दिसते. अशी साडी घरात असेल तर आधी ती खरंच फाटली आहे ना, हे विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. पुढचे आठ दिवस घरात कोणी माझ्याशी बोललं नाही.

रंग जातो का, हे पाहिल्याशिवाय गडद कापड बाहुलीच्या अंगाला लावू नका. एकदा तालुक्याच्या दुकानातून 'पक्का रंग' म्हणून घेतलेलं लाल कापड मी न धुता शिवलं. महिनाभराने परकर काढला तर प्लास्टिकच्या बाहुलीचे पाय कुंकवात बुडवल्यासारखे गुलाबी, आणि ते साबणाने, खोबरेल तेलाने, कशानेच निघाले नाहीत. ओल्या पांढऱ्या चिंधीने कापड दहा वेळा चोळायचं. चिंधीला रंग लागला तर ते कापड आतून पांढरं अस्तर लावूनच वापरायचं.

आणि रंग हवाच असेल तर घरी करा. फाल्गुनात पळस फुलतो, झाडाखाली सडा पडलेला असतो, पोरांना टोपली देऊन पाठवा. पांढरं सुती कापड आधी साबणाने धुऊन खळ काढा, मग कोमट पाण्यात तुरटीचा लिंबाएवढा खडा विरघळवून त्यात तासभर बुडवा. फुलं रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी अर्धा तास उकळा, गाळा आणि कापड त्या पाण्यात घालून मंद आचेवर ठेवा. पिवळ्यापासून केशरीपर्यंत कुठलीही छटा येते, दर वेळी वेगळी. सावलीत वाळवा. उन्हात हा रंग विटतो, पण बाहुली कुठे निंदणाला जाते?

सुया मोजून द्या

सारवलेल्या जमिनीवर पडलेली सुई दिसत नाही. सापडते ती पायालाच. म्हणून आमच्याकडे नियम आहे: बसताना सुया मोजून द्यायच्या, उठताना मोजून घ्यायच्या, एक कमी असेल तर कोणी उठायचं नाही. बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक पोरांच्या बापाने काढून दिलं आहे, ते जमिनीवरून फिरवलं की सुया आणि टाचण्या आपोआप येऊन चिकटतात. तीन वर्षांच्या आतलं लेकरू घरात असेल तर मणी, बटणं, टिकल्या यांचा डबा उंच फडताळावर आणि ते लेकरू आजीच्या मांडीवर. मणी नाकात जातात, घशात जातात.

सामान फार लागत नाही. बारीक नऊ-दहा नंबरची सुई, साधा शिलाईचा दोरा, टोकदार छोटी कात्री, टिचबटणं, अर्धा सेंमी रुंदीचं इलास्टिक, जुनं वर्तमानपत्र, पट्टी, पेन्सिल आणि फेविकॉलची छोटी बाटली. कात्री कागदासाठी वेगळी, कापडासाठी वेगळी. ही एक गोष्ट घरातल्या पुरुषांना समजावण्यात माझी निम्मी उमर गेली.

शिलाई मशीन असेल तरी सुरुवात हाताने करा. मशीनवर लहान तुकडा ठेवला की पहिल्याच टाक्याला तो सुईखालच्या भोकात खेचला जातो आणि दोऱ्याचा गुंता होतो. मशीनवरच करायचं असेल तर कापडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून कागदासकट टीप घाला, मग कागद फाडून काढा. टाका बारीक ठेवा, दोन मिलिमीटरच्या आत. कपड्याला अर्धा सेंमी मार्जिन पुरे, आणि कडेचे धागे निघू नयेत म्हणून कापायच्या रेषेवर फेविकॉल पाण्यात पातळ करून काडीने ओढा, वाळू द्या, मग कापा. टेरिकॉटच्या कडा मेणबत्तीवर धरून बंद करतात ते सुती कापडावर करू नका. सुती वितळत नाही, पेटतं.

दोऱ्याने माप

टेप बाहुलीवर नीट बसत नाही. शिवायचा दोरा गुंडाळायचा, चिमटीत धरायचा, काढून पट्टीवर ठेवायचा. एकाने मोजायचं, एकाने लिहायचं. आमच्याकडे लिहायचं काम चौथीतल्या पोराकडे आहे, कारण दशांश चिन्ह त्याला शाळेत समजलं नव्हतं ते बाहुलीच्या कमरेवर समजलं.

छाती, कंबर, बसण्याची जागा, दंड, खांद्यापासून मनगट, कमरेपासून घोटा. आणि एक माप सगळे विसरतात: डोक्याचा घेर. बाहुलीचं डोकं बऱ्याचदा छातीहून मोठं असतं. आमच्या चिंधीच्या बाहुलीची छाती १६ सेंमी, कंबर १४, दंड ७ आणि डोकं १९. म्हणजे डोक्यावरून घालायचा कपडा छातीला कधीच नीट बसणार नाही. म्हणून बाहुलीचे कपडे मागून उघडे ठेवायचे. पुढचे आकडे या बाहुलीचे आहेत, तुमच्या बाहुलीला तुमचे आकडे घाला.

पहिला कपडा: परकर

परकर म्हणजे एक आयत आहे, त्यात चुकण्यासारखं काही नाही. रुंदी कमरेच्या अडीचपट, म्हणजे ३५ सेंमी. लांबी कंबर ते घोटा १६, खालच्या दुमडीला एक, वरच्या नेफ्याला दीड, असे साडेअठरा.

सवय असते ती आधी कडेची शिवण घालून नळकांडं करायची आणि मग खाली तुरपाई करायची. बाहुलीचं नळकांडं एवढंसं असतं, त्यात सुई फिरत नाही. सगळं सपाट असतानाच करून घ्या. आधी खालची दुमड आणि तुरपाई, लेस लावायची असेल तर तीही आताच. मग वरचा नेफा दुमडून धावदोरा. नेफ्यातून इलास्टिक ओवा, १३ सेंमी कापा, दोन्ही टोकं टाक्याने पक्की करा. चुण्या आपोआप पडतात. सगळ्यात शेवटी मागची उभी शिवण. झाला परकर. सहा-सात वर्षांची पोरगी धावदोरा शिकली की तासाभरात करते. टाके वाकडे येतील. वाकडे राहू द्या, उसवून पुन्हा शिवायला लावलं की पोरं दुसऱ्या दिवशी बसत नाहीत.

पोलकं

इथे माझं पोटापाण्याचं काम उपयोगी पडेल असं वाटलं होतं. उलट झालं. टक्स, कटोरी, बाहीचा मुंढा (बाही अंगाला जोडायचं वळण) हे सगळं एवढ्याशा जागेत घातलं की गाठोडं होतं. पुन्हा कापडाच्या जाडीचीच गोष्ट. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या आईच्या पद्धतीची बिनमुंढ्याची चोळी कागदावर घडी घालून दाखवली. बाही आणि अंग एकाच तुकड्यात.

वर्तमानपत्राची चौपदरी घडी घाला, म्हणजे एक कड खांद्याची आणि एक कड मध्याची झाली. मध्याच्या कडेपासून अंगाची रुंदी ५ सेंमी. हे ५ कुठून आले? छाती १६, त्यात सैलपणा १, मागची उघडी कड दुमडायला १, दोन्ही बगलेच्या शिवणीला मिळून २, असे २०. त्याचा चौथा भाग ५. बाही मध्यापासून ८ सेंमीपर्यंत बाहेर न्या. बाहीची खोली खांद्याच्या घडीपासून साडेचार: दंड ७, त्याचा निम्मा साडेतीन, सैलपणा अर्धा, शिवण अर्धा. अंगाची लांबी एकूण ७. काखेचा कोपरा काटकोनी न ठेवता थोडा गोल करा.

गळा आधी लहानच कापा. कोपऱ्यापासून खांद्याच्या कडेवर दोन सेंमी, मध्यावर एक सेंमी, त्यांना गोल जोडा. कागद उलगडून बाहुलीच्या अंगावर धरून पाहा. पुढचा गळा हवा तर आणखी अर्धा सेंमी उतरवा. गळा मोठा करता येतो, लहान करता येत नाही. हे ब्लाउजवालीला कोणी सांगायला नको, तरी दर उन्हाळ्यात एक पोलकं माझ्याच हातून बिघडतं.

कागद कापडावर ठेवताना उभा धागा गळ्यापासून खाली यायला हवा. कापड दोन्ही दिशांनी ओढून पाहा, जिकडे कमी ताणतं तो उभा. कापलं की मागचा भाग मध्यावर वरून खालपर्यंत चिरा. आता क्रम: गळ्याला बारीक दुमड, पाहिजे तर तिरक्या धाग्यातली पट्टी. मग मागच्या दोन्ही उघड्या कडा अर्धा अर्धा सेंमी आत. मग बाह्यांची टोकं दुमडून टाके. हे सगळं सपाट असताना. त्यानंतर उलट्या बाजूने घडी घालून बाहीच्या टोकापासून काखेतून खालपर्यंत एकच सलग शिवण. काखेच्या कोपऱ्यात टाक्यापर्यंत, पण टाका न तोडता, एक काप द्या. हा काप दिला नाही म्हणूनही माझ्या पहिल्या फ्रॉकचे हात आडवे राहिले होते. खाली दुमड, मागे दोन दोऱ्या, उलटवा, घाला.

दोऱ्या बांधायला लहान पोरांना जमत नाही. तिथे टिचबटण लावायचं असेल तर मागच्या कडांना एकमेकींवर चढण्यासाठी अर्धा-अर्धा सेंमी जास्त घ्यायचं विसरू नका.

लुगडं

आता शीर्षकातला प्रश्न. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. पाचाने भागलं तर बाहुलीला एक मीटर ६५ सेंमी. रुंदी ११५ सेंमीची २३. पोरीने आणि मी हिशेबाने तेवढंच कापलं, सासूबाईंनी नेसवलं. बाहुलीची कंबर तिच्या डोक्याएवढी झाली. कारण लांबी पाचपट कमी झाली, पण कमरेभोवतीचे थर तेवढेच राहिले आणि कापडाची जाडीही तेवढीच.

सासूबाईंनी बिनबोलता लुगडं सोडलं, एका टोकाकडून वीत-वीत मोजत दुमडत गेल्या, पुन्हा नेसवलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी कासोटा मागे बसला, पदर खांद्यावरून आला आणि डोक्यावरही गेला. मोजलं तर ९० सेंमी. "मापानं नाई वं होत थे," त्या म्हणाल्या, "निऱ्या किती पायजेत त्याच्यावरून होते." सहावारी नेसवायची असेल तर ७० सेंमी पुरे. रुंदी दोन्हीला २२.

म्हणजे बाहुलीचं लुगडं एक वारही नसतं.

निऱ्या घालताना बोटं मोठी पडतात. पोस्टकार्डाची दीड सेंमी रुंद पट्टी कापा, कापड तिच्याभोवती पुढे-मागे घडी करत न्या, पट्टी काढून घ्या, वर एक टाका मारून निऱ्या पकडा. त्यावर गरम पाण्याने भरलेला स्टीलचा पेला पाच मिनिटं ठेवा. पूर्वी पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करत, तीच युक्ती, फक्त पोरांसाठी निखाऱ्याऐवजी पाणी. तेही मोठ्या माणसाने भरलेलं.

रोज खेळायची बाहुली असेल तर लुगडं नेसवून कमरेला सगळे थर एका पातळ पट्टीवर टाकून घ्या आणि पट्टीला मागे टिचबटण लावा. पोरीला एका झटक्यात काढता-घालता येतं. सासूबाईंना हे मान्य नाही. त्यांच्या मते शिवलेलं लुगडं म्हणजे लुगडं नव्हे, परकर.

पोरांसाठी बैलाची झूल

'बाहुलीचं काम' म्हटलं की आमचा पोरगा उठून जायचा. त्याला मी तान्ह्या पोळ्याच्या आधी पकडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार फिरतात, तेव्हा कोणाचा बैल किती सजला यावर मान ठरतो. झूल ही सगळ्यात सोपी शिलाई आहे, कारण बैलाला छाती-कंबर मोजावी लागत नाही. खांद्यापासून शेपटीपर्यंत दोरा ठेवा, तेवढी लांबी. पाठीवरून दोन्ही बाजूंना अर्ध्या पोटापर्यंत दोरा सोडा, तेवढी रुंदी. लाल किंवा हिरवं साटन, खाली सुती अस्तर, दोन्ही उलट्या बाजूने जोडून चार बोटं उघडं ठेवून उलटवायचं. कोपऱ्यांना लोकरीचे गोंडे, गळ्यात बारीक घुंगरं, पोटाखालून नाडी. इथे साटन चालतं, ते थोडं ताठ राहिलेलंच बरं. झूल शिवली आणि मग तोच पोरगा बाहुल्याच्या धोतराला बसला. धोतर ४५ बाय १८ सेंमीचं, टोपीसाठी आठ सेंमी रुंद पट्टी डोक्याच्या घेराएवढी. घडी वर्तमानपत्राच्या टोपीचीच.

दागिने आणि बाकीचा पसारा

रुखवत मांडणाऱ्या घरात लहान वस्तू करणारे हात असतातच. ते हात शोधा. आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, विणल्या. बाहुलीची बाज त्यांना मागितली तेव्हा हसले, आणि दुसऱ्या दिवशी तुराट्यांचे चार पाय तासून बसले. विणायला त्यांनी सवयीने सुतळी घेतली. बाहुलीसाठी सुतळी म्हणजे मोटेचा दोर. शेवटी जाड शिलाईचा दोरा तिपदरी पिळून वापरला. पायथ्याशी ताण द्यायची दोरी त्यांनी वेगळी सोडली आहे, खऱ्या बाजेसारखी, आणि बाज सैल झाली की नातवाला ती ओढायला सांगतात.

डोरलं आणि गरसोळी काळ्या पोतीच्या सगळ्यात बारीक मण्यांची करा. तुटलेल्या पोतीचे मणी प्रत्येक घरात एखाद्या वाटीत पडलेले असतात. ओवायला दोऱ्याच्या टोकाला फेविकॉल लावून वाळवा, तो स्वतःच सुई होतो. बांगड्या तांब्याच्या बारीक तारेच्या, पेन्सिलवर गुंडाळून कापलेल्या, टोकं आत वळवून. काचेच्या बांगडीचे तुकडे नकोत. चपलेला सायकलच्या ट्यूबचा तळ आणि पट्टा.

रानातल्या बिया गोळा करून माळा करण्याची पोरांना भारी हौस. एवढं मात्र ऐका: गुंजा नकोत. लाल-काळी गुंज कितीही देखणी असली तरी तिच्या आतलं विष जबर असतं. आख्खी असताना टरफल घट्ट असतं, पण भोक पाडलं किंवा चावली की ते बाहेर येतं. एरंडीचंही तसंच. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळा धरून दवाखान्यात पळावं लागतं. त्यापेक्षा ज्वारीच्या धांड्यातला पांढरा गर कापून त्याचे मणी करा, हळदीच्या पाण्यात रंगवा. धांड्याच्या सालीची आणि गराची बैलगाडी तर तुमच्याही लहानपणी कोणीतरी करून दिली असेल. बाहुलीला माहेरी न्यायला ती लागतेच.

ठेवायचं कुठे

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. प्लास्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत घाम धरते आणि लुगड्यावर काळे ठिपके पडतात. डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला, वर कागद, त्यावर घडी केलेले कपडे. टिचबटणं लावून ठेवा, नाहीतर ती एकमेकांच्या लेसमध्ये अडकतात. कागदी मापं वेगळ्या पाकिटात, आणि प्रत्येकावर कुठल्या बाहुलीचं आणि शिवण धरलेली आहे की नाही, ते लिहून. आमच्या पाकिटावर पोराच्या अक्षरात 'बाहुली मोठी, छाती १६, डोकं १९, मागून उघडं' असं आहे, आणि खाली सासूबाईंनी त्याच्याकडून लिहून घेतलेलं: 'लुगडं ९०, जास्त नाई.'